शिष्यवृत्तीचा निबंध: पाचशे शब्दांत नेमके काय सांगावे?

कोरे_पान

नमस्कार. पदवी शिक्षणासाठीच्या एका शिष्यवृत्तीकरिता मी अर्ज भरत आहे. जागा मोजक्या आहेत, अर्ज करणारे पुष्कळ आहेत आणि गुणांच्या बाबतीत आम्ही सारे जवळपास सारखेच असणार, त्यामुळे निबंधावर बरेच काही अवलंबून राहील असे आमच्या शिक्षकांचे म्हणणे आहे. प्रश्न असा आहे: ‘तुम्ही सोडवलेल्या एखाद्या अडचणीविषयी लिहा आणि ती सोडवताना तुमच्या विचारांत काय बदल झाला ते सांगा.’ शब्दमर्यादा ५०० आहे आणि मुदत संपायला बारा दिवस उरले आहेत.

माझा मसुदा सध्या ७४० शब्दांचा आहे. त्याचा पहिला परिच्छेद येथे देत आहे.

‘लहानपणापासूनच मला शिक्षणाची ओढ होती. शिक्षण हे परिवर्तनाचे सर्वांत प्रभावी साधन आहे, असे माझे ठाम मत आहे. आयुष्यात अनेक अडचणी आल्या, परंतु जिद्द, चिकाटी आणि परिश्रम यांच्या बळावर मी प्रत्येक अडचणीवर मात केली. अभ्यासाबरोबरच वक्तृत्व, नाट्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतही मी माझा ठसा उमटवला आहे.’

यापुढे वक्तृत्व स्पर्धेतील पारितोषिके, वृक्षारोपणाचा उपक्रम आणि घरची आर्थिक परिस्थिती असे तीन परिच्छेद आहेत. यांतले काय ठेवावे आणि काय गाळावे हे कृपया सांगावे. सुरुवातीला एखाद्या थोर व्यक्तीचे वचन दिले तर चालेल का? मी वयाने लहान आहे, मला एकेरी संबोधले तरी चालेल.

जुनी_शाई

मी काही वर्षे एका शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर होतो, म्हणून तपासणाऱ्याच्या बाजूने सांगतो. एका बैठकीत तीस-चाळीस निबंध वाचायचे असतात. पहिल्या आठ-दहा निबंधांना आपण मनापासून वेळ देतो, त्यानंतर मात्र डोळे आपोआप ओळखीच्या वाक्यांवरून पुढे सरकू लागतात. ‘लहानपणापासूनच मला’ या दोन शब्दांनी सुरू होणारे निबंध मी इतके वाचले आहेत की त्यानंतर त्या मुलाला कशाची आवड होती, हे मला एकाही निबंधातले आठवत नाही.

तुझ्या परिच्छेदाची एक सोपी परीक्षा घे. त्याखाली तुझ्या वर्गातील दुसऱ्या कोणाचेही नाव लिहून पाहा. परिच्छेद तसाच्या तसा खरा राहत असेल, तर तो तुझा नाही. तू दिलेला परिच्छेद निम्म्या वर्गाला शोभेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रश्नात दोन मागण्या आहेत, एक अडचण आणि विचारांतला एक बदल. तुझ्या मसुद्यात अडचणी ‘अनेक’ आहेत, म्हणजे एकही नाही, आणि बदल तर कोठेच दिसत नाही, कारण पहिल्या ओळीपासून तुझे मत ‘ठाम’ आहे. पारितोषिकांसाठी अर्जात स्वतंत्र रकाना असतो. समितीसमोर तुझी गुणपत्रिका असते, प्रमाणपत्रांच्या प्रती असतात आणि शिफारसपत्रही असते. त्या कागदांमधून जे कळू शकत नाही तेवढ्यासाठीच निबंध मागवलेला असतो. थोरांचे वचन देऊ नकोस. पाचशेतले वीस शब्द दुसऱ्याला देऊन टाकण्याइतकी श्रीमंती या निबंधात नसते.

अर्धविराम

वरील प्रतिसादाला +१. मला तीन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळाली, त्याआधीच्या वर्षी मिळाली नव्हती. पहिल्या वर्षीचा निबंध आज वाचला तर तो मी लिहिला आहे यावर माझाच विश्वास बसत नाही, इतका तो कोणाचाही आहे.

शब्दमर्यादेबद्दल थोडे सांगते, कारण ७४० शब्द ५०० वर आणणे हे केवळ कात्रीचे काम आहे असे तुम्हांला वाटत असावे. मर्यादा किती आहे यावर निबंधाची जातच ठरते. अमेरिकी महाविद्यालयांच्या ‘कॉमन ॲप’ या सामायिक अर्जातील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो, तेवढ्यात एक प्रसंग आणि त्यावरचा विचार नीट मावतो. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत एकेका प्रश्नाला कमाल ३०० शब्द मिळतात, तेथे प्रसंग रंगवायला जागाच नसते, थेट मुद्द्यावर यावे लागते. ब्रिटिश विद्यापीठांच्या ‘यूकास’ अर्जात तर शब्दांऐवजी चिन्हे मोजतात, मोकळ्या जागा धरून एकूण ४०००, आणि २०२६ च्या प्रवेशापासून तो मजकूर तीन प्रश्नांत विभागून द्यावा लागतो. एकाच निबंधाला कापून-शिवून सगळीकडे वापरू पाहणारे येथेच फसतात. पाचशे शब्दांत एक प्रसंग बसतो, दोन बसत नाहीत, तीन तर नाहीच नाही.

जाता जाता एक सूचना. ज्यांना मराठीतून निबंध लिहायचा आहे आणि मर्यादा चिन्हांची आहे, त्यांनी अर्जाच्या चौकटीत मजकूर आधी टाकून पाहावा. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजतो, त्यामुळे त्याच्या हिशेबी तीच सतरा चिन्हे होतात. माझ्या एका मैत्रिणीच्या निबंधाचे शेवटचे वाक्य असेच मध्यावर तुटून गेले होते.

तिसरा_बाक

सगळे फार आदर्श बोलत आहेत, म्हणून अनुभवाचे दोन शब्द लिहितो. मी एका शिष्यवृत्तीसाठी अत्यंत प्रामाणिक, नेमका निबंध लिहिला होता आणि माझी निवड झाली नाही. ज्याची झाली त्याचा निबंध नंतर वाचायला मिळाला. त्यात आजारपण होते, कर्ज होते, दिव्याखालचा अभ्यास होता आणि प्रत्येक परिच्छेदात एकदा तरी डोळ्यांत पाणी होते. मला त्याच्या दुःखाविषयी शंका घ्यायची नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की तपासणारी माणसेच असतात आणि माणसे हळवी होतात. धागाकर्तीने घरची परिस्थिती हा परिच्छेद गाळू नये, उलट तो पहिला करावा, असा माझा व्यवहारी सल्ला आहे.

जुनी_शाई

तिसरा_बाक, तुमचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. आमच्या समितीतही असे घडले आहे. म्हणूनच आम्ही नंतर प्रत्येक निबंधाला वेगवेगळ्या निकषांवर स्वतंत्र गुण देऊ लागलो आणि दोघांच्या गुणांत फार अंतर पडले तर तिसऱ्याकडून वाचून घेऊ लागलो. तरीही हळवेपण पूर्णपणे गेले असा दावा मी करणार नाही.

परंतु दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. शिष्यवृत्ती गरजेवर दिली जात असेल, तर गरज किती आहे हे उत्पन्नाच्या दाखल्यावरून ठरते आणि तो दाखला निबंधापेक्षा अधिक स्पष्ट बोलतो. निबंधात परिस्थिती येऊ नये असे मी म्हणत नाही. ती कशी येते एवढाच प्रश्न आहे. ‘आमची परिस्थिती हलाखीची होती’ या वाक्यातून मला लेखकाविषयी काहीही कळत नाही. ‘संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळायचे असल्यामुळे मी प्रयोगवहीतील आकृत्या पहाटे काढत असे’ या वाक्यातून परिस्थिती कळते, तिच्यातून काढलेला मार्ग कळतो आणि दया मागितल्याचा वासही येत नाही. पहिल्या वाक्यात परिस्थिती कर्ता आहे, दुसऱ्यात ‘मी’ कर्ता आहे. शिष्यवृत्ती त्या ‘मी’ला द्यायची असते.

आणि एक इशारा. निबंधावर पुढे मुलाखत होऊ शकते. तेथे आम्ही निबंधातलेच एखादे वाक्य उचलून त्याविषयी विचारत असू. जे वाढवून लिहिलेले असते ते तिसऱ्या प्रश्नाला उघडे पडते, आणि त्या वेळी समोरच्या मुलाचा चेहरा पाहणे आम्हांलाही सुखाचे नसते.

कोरे_पान

सर्वांचे आभार. ‘दुसऱ्याचे नाव लिहून पाहा’ ही परीक्षा घेतली आणि मसुद्यातील एकही परिच्छेद उत्तीर्ण झाला नाही. वृक्षारोपणाचा परिच्छेद तर माझ्या तीन मैत्रिणींनी आपापल्या निबंधांत जवळजवळ याच शब्दांत लिहिला आहे, कारण आम्ही सगळ्या त्या दिवशी एकत्रच होतो.

खरे सांगायचे तर मोठी म्हणावी अशी कोणतीही अडचण मी सोडवलेली नाही. वक्तृत्वात पारितोषिके मिळाली, पण त्यात अडचण कोणतीच नव्हती. दोन वर्षे मी वर्गातील एका मैत्रिणीला गणिताचे पुस्तक वाचून दाखवत असे, कारण ती अंध आहे आणि त्या पुस्तकाची ब्रेल प्रत वेळेवर मिळाली नव्हती. परंतु त्यात मी फक्त वाचत होते, सोडवत काहीच नव्हते, त्यामुळे तो विषय या प्रश्नात बसणार नाही. मग अडचण आणायची कोठून?

अर्धविराम

थांबा. गणिताचे पुस्तक वाचून दाखवणे हे गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवण्यासारखे नक्कीच नसणार. समीकरण मोठ्याने कसे वाचत होता? आलेख आला की काय करत होता? कोठे अडले? तिने कधी तुम्हांला मध्येच थांबवले का? निबंधाचा विचार क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त काय घडले ते येथे लिहा, भाषा जशी येईल तशी येऊ द्या.

कोरे_पान

अडले होते, अगदी सुरुवातीलाच. एका उदाहरणात एक्सची किंमत पाच दिली होती आणि राशी होती ‘एक्स अधिक तीन छेद दोन’. मी हे असेच वाचले. तिने उत्तर साडेसहा काढले. पुस्तकाच्या मागे उत्तर चार होते. तुझे चुकले, असे मी तिला म्हणाले आणि पुन्हा तेच वाचले. तिने पुन्हा साडेसहाच काढले. असे तीनदा झाले आणि आमचे थोडे वाजलेही.

मग ती म्हणाली की मी जे ऐकते आहे त्याचे उत्तर साडेसहाच येते, तुला काय दिसते आहे ते सांग. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिले. पुस्तकात ‘एक्स अधिक तीन’ या सगळ्याच्या खाली आडवी रेघ होती आणि रेघेखाली दोन होते. मी वाचले त्यावरून मात्र फक्त तिनाच्या खाली दोन आहे असे ऐकू येत होते. म्हणजे पाच अधिक दीड, साडेसहा. तिची आकडेमोड एकदाही चुकलेली नव्हती. अपूर्णांकाची ती आडवी रेघ कंसाचेही काम करते, हे मला कोणी शिकवले नव्हते, कारण डोळ्यांना ते शिकवावे लागत नाही.

त्यानंतर आम्ही वाचण्याची एक पद्धत ठरवली. ‘अपूर्णांक सुरू, अंशात एक्स अधिक तीन, छेदात दोन, अपूर्णांक संपला.’ वर्गमूळाच्या चिन्हालाही हाच प्रश्न होता, त्याची रेघ कोठे संपते ते ऐकू येत नाही. तेथेही ‘मूळ सुरू’ आणि ‘मूळ संपले’ असे म्हणू लागलो. आलेखाचे मात्र आम्हांला शेवटपर्यंत नीट जमले नाही.

जुनी_शाई

हाच निबंध आहे. वक्तृत्व आणि वृक्षारोपण दोन्ही विसरून जा.

दुर्बीण

मी पालक आहे आणि आतापर्यंत मूकपणे वाचत होते. साडेसहा आणि चार वाचल्यावर मी स्वतः कागद घेऊन ते करून पाहिले आणि पहिल्या वेळी माझेही साडेसहाच आले. निबंध वाचताना कोणी हातात पेन्सिल घेतली, तर तो निबंध विसरला जाणार नाही असे मला वाटते.

पूर्णांक

येथे मला काही बोलणे भाग आहे. मी स्वतः अंध आहे, हा धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकीय साधनावर, ऐकत आहे, आणि गणिताचाच विद्यार्थी होतो.

पहिली गोष्ट तथ्याची. ‘सुरू’ आणि ‘संपला’ ही युक्ती तुम्ही स्वतः शोधलीत हे खरे असले, तरी ती नवी नाही. अब्राहम नेमेथ या अंध अमेरिकी गणितज्ञाने गणितासाठी ब्रेल संकेतप्रणाली तयार केली, जी १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि नेमेथ कोड म्हणून ओळखली जाते. गणित मोठ्याने, संदिग्धता न ठेवता वाचण्याचे नियमही त्यांनीच बांधले. त्यांना ‘मॅथस्पीक’ म्हणतात आणि त्यांत अपूर्णांक कोठे सुरू होतो, कोठे संपतो हे उच्चारून सांगतात. म्हणून निबंधात ‘आम्ही नवी पद्धत शोधून काढली’ असे लिहू नका. हा विषय ठाऊक असलेला एखादा वाचक समितीत निघाला तर त्या एका वाक्याने सगळ्यावर पाणी पडेल. ‘पुढे कळले की ही पद्धत आधीपासून होती’ असे लिहिण्यात कमीपणा मात्र मुळीच नाही. दोन विद्यार्थिनी आपल्या गरजेतून त्याच उत्तरापाशी पोहोचल्या, ही गोष्ट मला तरी अधिक चांगली वाटते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. अशा निबंधांत आमच्यासारखी माणसे बहुधा सामान म्हणून येतात. कोणीतरी डोळस व्यक्ती आम्हांला मदत करते, आम्ही कृतज्ञ होतो आणि तिच्या विचारांत बदल होतो. तुमच्या हकिगतीत ‘तुला काय दिसते आहे ते सांग’ हे निर्णायक वाक्य तुमच्या मैत्रिणीचे आहे. चूक तुमची होती आणि ती तिने शोधली. निबंधात हे असेच राहणार आहे का? शिवाय, तिच्याविषयी लिहीत आहात हे तिला विचारले आहे का?

कोरे_पान

विचारले नव्हते. आपला प्रतिसाद वाचून मला लाज वाटली, कारण मी काल रात्री लिहिलेल्या नव्या मसुद्यात ‘तिच्या अंधारलेल्या जगात गणिताचा प्रकाश’ असे शब्द होते.

आज तिला सगळे वाचून दाखवले. त्या वाक्याला ती मोठ्याने हसली आणि म्हणाली की माझ्या जगात अंधार आहे हे तुला कोणी सांगितले. तिने लिहायला परवानगी दिली, मात्र तीन अटींवर. तिचे नाव येता कामा नये, कृतज्ञतेचे एकही वाक्य तिच्या तोंडी घालायचे नाही, आणि ‘सुरू’ व ‘संपला’ हे शब्द तिने सुचवले होते ही गोष्ट स्पष्ट लिहायची. हे शेवटचे मी खरोखरच विसरले होते. माझ्या आठवणीत ते ‘आम्ही ठरवले’ असे होते, ते ‘तिने सुचवले आणि मला पटले’ असे आहे. ही दुरुस्ती मी येथेही नोंदवते.

परंतु आता प्रश्न असा उभा राहिला आहे की चूक तिने शोधली आणि उपायही तिनेच सुचवला, तर मी ‘सोडवलेली अडचण’ कोणती?

जुनी_शाई

प्रश्न पुन्हा वाच. त्यात दुसरा भाग आहे, ‘तुमच्या विचारांत काय बदल झाला’. पहिल्या भागात तू निम्मी भागीदार आहेस आणि तसे सरळ लिहिलेस तर बिघडत नाही. दुसरा भाग मात्र पूर्णपणे तुझा आहे. तू तीनदा तिला चूक ठरवलेस, चौथ्यांदा पुस्तकाकडे पाहिलेस. त्या तिसऱ्या आणि चौथ्या वेळेच्या मध्ये तुझ्या मनात काय झाले, ते दुसरे कोणीही लिहू शकणार नाही. पाचशेपैकी दोनशे शब्द तेथे खर्च कर. अर्जदार बहुतेक वेळा घटनेला साडेचारशे शब्द देतात आणि शेवटी ‘या अनुभवातून मी खूप काही शिकलो’ एवढ्यावर विचार आटोपतात, आणि त्या ‘खूप काही’ची किंमत शून्य असते.

स्वतःची चूक लिहायला घाबरू नकोस. निबंधात ज्याचे काहीच चुकत नाही, अशा अर्जदारावर आमचा विश्वास लवकर बसत नसे.

दुर्बीण

एक वेगळा, पण या विषयातलाच प्रश्न. माझा मुलगाही पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे. हल्ली मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून निबंध ‘सफाईदार’ करून घेतात, आणि पैसे घेऊन निबंध सुधारून देणारे सल्लागारही आहेत. यातले काय योग्य आणि काय अयोग्य?

अर्धविराम

आधी ज्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा तिचे नियम वाचावेत, कारण ते सारखे नसतात. ऑक्सफर्डला जाण्यासाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीत निवेदन पूर्णपणे स्वतःचे आहे आणि ते लिहिताना कोणाची मदत घेतलेली नाही, असे अर्जदाराला लिहून द्यावे लागते. तेथे या धाग्यावर चालली आहे तशी चर्चाही नियमात बसणार नाही. कॉमन ॲपच्या नियमांत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आलेला आशय स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूक मानलेली आहे. धागाकर्तीनेही आपल्या शिष्यवृत्तीची नियमावली एकदा पाहून घ्यावी.

यंत्राने लिहिलेले ओळखून काढतो असा दावा करणाऱ्या साधनांवरही डोळे मिटून विसंबू नये. ओपनएआय या कंपनीने असे स्वतःचे साधन २०२३ च्या जुलैमध्ये अचूकता कमी असल्याच्या कारणावरून बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिले असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघाला. म्हणजे आपल्यासारख्यांनी साधे, ठरावीक शब्दांतले इंग्रजी लिहिले तरी संशय येऊ शकतो. यावर माझा उपाय असा होता की प्रत्येक मसुदा तारखेसह जपून ठेवायचा. कोणी विचारलेच, तर पहिल्या वाईट मसुद्यापासून दाखवता येते.

तिसरा_बाक

मी गेल्या वर्षी कुतूहल म्हणून माझा निबंध अशा साधनाला सुधारायला दिला होता. व्याकरण निर्दोष झाले आणि मी ज्या एका वाक्यावर दोन दिवस घालवले होते, तेच नेमके गायब झाले. ते वाक्य थोडे वेडेवाकडे होते, हे मला मान्य आहे. दुःख विकले जाते या माझ्या मताचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही, मात्र साडेसहाच्या निबंधात दुःख नाही आणि तरीही तो मला पुढे वाचावासा वाटला, एवढे येथे नोंदवतो.

कोरे_पान

नियमावली पाहिली. आमच्या शिष्यवृत्तीत इतरांचा अभिप्राय घेण्यास हरकत नाही, मजकूर मात्र स्वतः लिहिलेला हवा. म्हणून कोणी वाक्ये लिहून देऊ नयेत, कोठे खटकते तेवढेच सांगावे, ही विनंती. नवी सुरुवात आणि शेवट देत आहे.

सुरुवात: ‘माझ्या मैत्रिणीने तिसऱ्यांदाही साडेसहा हेच उत्तर काढले, तेव्हा मी पुस्तक मिटले. उत्तर चार होते. मी तिला चूक सांगितले होते आणि ती ऐकत नव्हती, असे मला वाटत होते.’

शेवट: ‘आता वहीत समीकरण लिहून झाले की मी ते मनातल्या मनात मोठ्याने वाचते आणि न पाहणाऱ्या माणसाला ते तसेच उमटेल का, हे तपासते. अनेकदा उमटत नाही. या अनुभवाने मला सर्वसमावेशक शिक्षणाचे महत्त्व पटले असून भविष्यात समाजातील प्रत्येक घटकापर्यंत ज्ञानाची गंगा पोहोचवण्याचा माझा निर्धार आहे.’

एकूण ४९८ शब्द झाले आहेत.

जुनी_शाई

सुरुवात उत्तम आहे. शेवटाची पहिली दोन वाक्ये तुझी आहेत, तिसरे कोणाचे आहे ते मला माहीत नाही. त्याला दुसऱ्याच्या नावाची परीक्षा लाव.

अर्धविराम

‘अनेकदा उमटत नाही’ येथेच थांबा. मर्यादा पाचशेची असली तरी पाचशे भरलेच पाहिजेत असा नियम नसतो. वीसेक शब्द मोकळे राहिल्याने कोणाची शिष्यवृत्ती गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पूर्णांक

दोन्ही उतारे स्क्रीन रीडरवर तीनदा ऐकले. निबंध पाठवण्यापूर्वी तो कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा आणि आपण फक्त ऐकावा, अशी माझी सर्वांनाच सूचना आहे. अडखळणारी वाक्ये कानाला लगेच सापडतात.

सुरुवातीच्या परिच्छेदात ‘मी तिला चूक सांगितले होते’ हे वाक्य माझ्या कानाला दोन प्रकारे ऐकू येते. तिचे उत्तर चूक आहे असे तुम्ही तिला सांगितलेत, की तुम्ही जे वाचून सांगितलेत तेच चुकीचे होते?

कोरे_पान

खरे तर दोन्ही घडले होते, पण त्या ओळीपर्यंत मला त्यांतले एकच ठाऊक होते. वाक्य बदलले आहे: ‘तुझे चुकले, असे मी तिला तीनदा सांगितले होते.’ शेवटचे वाक्य काढून टाकले. आता ४८० शब्द आहेत. मैत्रिणीला फोनवर पूर्ण वाचून दाखवला, तिने एका ठिकाणी अपूर्णांक संपल्याचे सांगायला मी विसरले असल्याचे दाखवून दिले. तेवढे दुरुस्त करून अर्ज आज रात्री पाठवते.